शुक्राचा दिवस

दुर्बीण आकाशाकडे वळली १६०९-१० मध्ये. शुक्र स्वतःभोवती एक फेरी किती वेळात घेतो, याचे खरे उत्तर हाती आले १९६२ च्या अखेरीस. मधल्या साडेतीनशे वर्षांत उत्तरांचा तुटवडा होता असे मात्र मुळीच नाही. २३ तास झाले, २४ दिवस झाले, २२५ दिवस झाले, ६८ तास, २२ तास आणि ४ दिवसही झाले. उत्तर देणारे बहुतेक जण त्या त्या काळातले नामांकित निरीक्षक होते, काही तर आजही थोर मानले जातात. आणि संध्याकाळच्या आकाशातली ती ठळक चांदणी, पृथ्वीच्या सर्वांत जवळ येणारा ग्रह, त्या सगळ्यांना झुलवत राहिली.

सुरुवात केली जोव्हान्नी दोमेनिको कासिनीने. तो बोलोन्यात खगोलशास्त्राचा प्राध्यापक होता आणि रोमच्या ज्युझेप्पे कांपानीने घासलेली भिंगे त्याच्याकडे होती. त्या काळी त्यांहून चांगली भिंगे युरोपात मिळणे कठीण. १६६५ मध्ये कासिनीने गुरूवरचा एक डाग धरून ठेवला, तो पुन्हा समोर यायला किती वेळ लागतो ते मोजले आणि गुरूचा दिवस ९ तास ५६ मिनिटांचा ठरवला. पुढच्या वर्षी मंगळाचा काढला : २४ तास ४० मिनिटे. आजचा आकडा २४ तास ३७ मिनिटांच्या किंचित वर आहे. हाताने वळवायच्या लांबलचक नळीतून, लंबकाच्या घड्याळावर नजर ठेवून केलेल्या कामात चूक जेमतेम तीन मिनिटांची!

मग तो शुक्राकडे वळला. १६६६-६७ मध्ये त्याला तिथे एक उजळ ठिपका दिसला आणि तो सुमारे २३ तासांनी पुन्हा जागेवर आल्यासारखा वाटला. कासिनी सावध माणूस. ग्रहाची ही पूर्ण फेरी आहे की तो नुसता पुढेमागे डोलतो आहे, हे त्याने उघडे ठेवले. पुढे तो पॅरिसला गेला, फ्रेंच राजाच्या वेधशाळेचा प्रमुख झाला. पण तो ठिपका त्याला तिथून पुन्हा कधी दिसला नाही. गोष्ट इथेच थांबायला हवी होती. पण २३ तास या आकड्यात एक मोह होता. पृथ्वीचा दिवस २४ तासांचा, मंगळाचा त्याहून थोडा मोठा, आणि शुक्र तर आकाराने जवळपास पृथ्वीएवढा. तेव्हा त्याचाही दिवस असाच काहीतरी असणार, हे सगळ्यांना मनातून पटलेले होते. कासिनीची शंका मागे पडली, आकडा तेवढा पुढे चालत राहिला.

साठ वर्षांनी रोममध्ये फ्रांचेस्को बियांकिनी नावाच्या विद्वानाने शुक्रावर दुर्बीण रोखली. त्याचीही भिंगे कांपानीचीच होती, पण त्यांना नळी नव्हती. एका उंच खांबावर भिंग टांगायचे, दोरीने ते वळवायचे आणि वीस-पंचवीस मीटर लांब उभे राहून हातातल्या नेत्रिकेतून प्रतिमा शोधायची, असा तो खटाटोप. बियांकिनीला शुक्रावर करडे पट्टे दिसले. त्यांना त्याने समुद्र मानले, त्यांचा नकाशा काढला आणि नावे ठेवली : एक आपल्या आश्रयदात्या पोर्तुगालच्या राजाचे, एक कोलंबसचे, एक गॅलिलिओचे. १७२८ मध्ये हे सगळे ग्रंथरूपाने छापले. त्यात शुक्राच्या एका फेरीचा काळ होता २४ दिवस ८ तास, आणि त्याचा आस चांगलाच आडवा झालेला.

पॅरिसमध्ये कासिनीचा मुलगा जाक याला हे मान्य होण्यासारखे नव्हते. त्याने बियांकिनीच्या पद्धतीतच बोट घातले. कुणी भिंतीवरच्या घड्याळाकडे दिवसातून एकदाच पाहिले आणि काटा कालच्यापेक्षा थोडा सरकलेला दिसला, तर मधल्या वेळात त्याने किती फेऱ्या मारल्या हे त्याला कसे कळणार? शुक्र सूर्यास्तानंतर थोडाच वेळ दिसतो. बियांकिनी रोज संध्याकाळी त्याच सुमारास बघत होता. म्हणजे २४ दिवस ८ तासांत एकच फेरी झाली की पंचवीस, हे त्याच्या नोंदींवरून ठरत नाही. पंचवीस धरल्या तर भागाकार करून पाहा : एक फेरी २३ तास २१ मिनिटांची येते. वडिलांचा आकडा!

युक्तिवाद बिनतोड होता, एक अडचण सोडून. एके संध्याकाळी बियांकिनीने थोड्या वेळाच्या अंतराने दोनदा निरीक्षण केले होते. मधले सुमारे तीन तास बार्बेरिनी राजवाडा आड येत होता. शुक्र पुन्हा दिसला तेव्हा डाग होते तिथेच होते. २३ तासांचा दिवस असता तर तीन तासांत ते ग्रहाच्या एक-अष्टमांश परिघाइतके सरकायला हवे होते. हा मुद्दा फारसा कुणी मनावर घेतला नाही. बियांकिनीचे समुद्र खोटे होते, आकडाही खोटा होता. पण शुक्र संथ फिरतो एवढे त्याला दिसले होते आणि तेवढेच लोकांनी टाकून दिले.

त्यानंतर शतकभर २३ तास २१ मिनिटांचे राज्य होते. जर्मनीत ब्रेमेनजवळच्या लिलिएंथाल गावी योहान श्र्योटर हा सरकारी दंडाधिकारी होता. त्याने पदरमोड करून मोठी वेधशाळा उभारली होती. त्याने कोरीच्या टोकांचा आकार बघून हाच आकडा काढला आणि जोडीला शुक्रावर एव्हरेस्टच्या चार-पाच पट उंच पर्वतही पाहिले. (१८१३ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने लिलिएंथाल जाळले आणि श्र्योटरच्या कागदपत्रांची राख झाली. त्या पर्वतांसाठी नव्हे, पण त्या माणसासाठी वाईट वाटते.) रोममध्ये फ्रांचेस्को दे व्हिको याने १८४० च्या सुमारास तोच आकडा सेकंदाच्या अपूर्णांकापर्यंत नेऊन भिडवला. मुळात नसलेल्या गोष्टीचे मोजमाप इतके काटेकोर करता येते, हे विज्ञानाच्या इतिहासात वरचेवर घडते. अचूकता आणि खरेपणा यांची गल्लत व्हायला दशांश चिन्हापुढचे आकडे फार मदत करतात.

या काळात एकच मोठा माणूस गप्प राहिला. इंग्लंडमधल्या विल्यम हर्शेलने वर्षानुवर्षे शुक्र न्याहाळला आणि १७९३ मध्ये लिहिले ते एवढेच की फेरीचा काळ ठरवता येत नाही. पर्वतांची तर त्याने खिल्लीच उडवली. पण याच हर्शेलच्या हातून ग्रहांच्या फिरण्याबद्दलचा सगळ्यांत गैरसोयीचा शोध लागला, तो दुसऱ्या ग्रहावर. १७८१ मध्ये त्याने युरेनस शोधला होता. जानेवारी १७८७ मध्ये त्याला त्याचे दोन चंद्र सापडले, आणि ते भलतीकडेच फिरताना दिसले. बाकीचे ग्रह, त्यांचे चंद्र सगळे साधारण एका सपाटीत फिरतात. हे दोघे त्या सपाटीला जवळपास काटकोनात. चंद्र ग्रहाच्या विषुववृत्ताच्या पातळीत फिरत असतील, तर ग्रहच आडवा पडला आहे! आज आपल्याला माहीत आहे की युरेनसचा आस ९८ अंशांनी कललेला आहे. त्याचे वर्ष आपल्या ८४ वर्षांचे, म्हणून त्याच्या एकेका ध्रुवावर ४२ वर्षे ऊन आणि ४२ वर्षे अंधार. पृथ्वीचा २३.४ अंशांचा कल आपल्याला ऋतू देतो. तिथे ऋतू म्हणजे माणसाचे अर्धे आयुष्य.

गैरसोय झाली ती फ्रेंच गणिती लाप्लासची. १७९६ मध्ये त्याने मांडले की सूर्यमाला एका फिरत्या, आकसत जाणाऱ्या तप्त वायूच्या ढगातून तयार झाली. त्याचा सर्वांत जोरदार पुरावा होता दिशा : सूर्य, ग्रह, चंद्र सगळे एकाच बाजूला फिरतात, आणि हा योगायोग असण्याची शक्यता नगण्य आहे. दोनच वर्षांनी हर्शेलने युरेनसच्या चंद्रांची गती उलटी असल्याचे जाहीर केले. लाप्लासची मूळ कल्पना आजही, पुष्कळ दुरुस्त्यांसह, उभी आहे. ढग फिरत होता म्हणून ग्रह फिरतात, आणि बहुतेक एकाच दिशेने फिरतात, हे खरेच. पण तो नियम जन्माचा होता. ग्रह जन्मल्यावर त्यांच्यावर काय काय गुदरले, याबद्दल तो काहीच सांगत नव्हता. आणि फिरकीचा प्रश्न पुढे दीडशे वर्षे जन्माच्याच नियमांत शोधला गेला.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वारे उलटे वाहू लागले. चार्ल्स डार्विनचा मुलगा जॉर्ज याने भरती-ओहोटीच्या घर्षणाने ग्रहांची फिरकी मंदावते हे गणिताने दाखवले होते. आपला चंद्र कायम एकच बाजू आपल्याकडे ठेवतो, तो याच कारणाने. मिलानच्या जोव्हान्नी स्क्यापारेल्लीने भर दिवसा बुध पाहण्याचा सराव केला आणि १८८९ मध्ये जाहीर केले की बुधही तसाच आहे : ८८ दिवसांचे वर्ष, ८८ दिवसांची फेरी, एक बाजू कायम सूर्याकडे. पुढच्या वर्षी त्याने शुक्रालाही तेच माप लावले. फेरी २२५ दिवसांची. नवे शास्त्र पटणारे होते, त्यामुळे आता निरीक्षकांना शुक्रावरचे डाग स्थिर दिसू लागले, जसे पूर्वी ते २३ तासांनी परतताना दिसत. अमेरिकेत पर्सिव्हल लोवेलला १८९६ मध्ये शुक्रावर चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा दिसल्या. त्याने दुर्बिणीचे तोंड झाकून इतके बारीक केले होते की त्या रेषा म्हणजे त्याच्याच डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांची सावली असावी, असा काहींचा अंदाज आहे.

विसाव्या शतकाचा पूर्वार्ध मी भरभर ओलांडतो, कारण त्यात आकड्यांचीच गर्दी आहे. विल्यम पिकरिंगने ६८ तास सांगितले. १९५६ मध्ये ओहायोच्या जॉन क्राउसला शुक्राकडून रेडिओ संदेशासारखे काही ऐकू आल्याचे वाटले आणि त्यातून २२ तास १७ मिनिटे हा आकडा निघाला. ते आवाज पृथ्वीवरचेच होते. एकच प्रयत्न थांबून बघण्यासारखा आहे. आफ्रिकेत काँगोमधल्या ब्राझाव्हील शहरात शार्ल बोआये हा फ्रेंच न्यायाधीश होता. फावल्या वेळात स्वतः बनवलेल्या दुर्बिणीने तो आकाश बघे. एका व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञ मित्राच्या सांगण्यावरून त्याने १९५७ मध्ये जांभळी काच लावून शुक्राचे फोटो रोज काढायला घेतले. नुसत्या डोळ्याला पांढराफटक दिसणाऱ्या ग्रहावर अतिनील प्रकाशाच्या बाजूला गडद छटा उमटतात. बोआयेची तीच छटा दर चार दिवसांनी परत येत होती. विद्यापीठांतल्या लोकांनी नाके मुरडली. पण मोजमाप बरोबर होते, फक्त ते ग्रहाचे नव्हते. शुक्राचे वरचे ढग सेकंदाला शंभर मीटर वेगाने चार दिवसांत ग्रहाला प्रदक्षिणा घालतात, हे मरिनर-१० यानाने फेब्रुवारी १९७४ मध्ये दाखवले. लिलिएंथालच्या दंडाधिकाऱ्याने घालवलेली न्यायखात्याची पत ब्राझाव्हीलच्या न्यायाधीशाने परत मिळवली म्हणायची.

ढगांखालची जमीन प्रकाशाने दिसणे शक्यच नव्हते. तिला हात लावायचा तर रडारनेच. १९५८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या चमूने शुक्रावर लहरी सोडल्या आणि पुढे प्रतिध्वनी ऐकू आल्याचे जाहीर केले; १९५९ मध्ये इंग्लंडच्या जॉड्रेल बँक वेधशाळेने तो पडताळूनही पाहिला. दोन्ही चूक. गोंगाटात त्यांना अपेक्षित अंतरावरचा आवाज सापडला होता, कारण तिथेच त्यांनी शोधला होता. बार्बेरिनी राजवाड्यापासून इथपर्यंत दुर्बिणी सुधारल्या, माणसाचे मन होते तिथेच होते.

खरा प्रतिध्वनी आला १० मार्च १९६१ रोजी, कॅलिफोर्नियाच्या मोहावे वाळवंटातल्या गोल्डस्टोन केंद्रात. सोडलेली लहर साडेसहा मिनिटांनी परतली. रिचर्ड गोल्डस्टीन या तिथल्या तरुण अभियंत्याची पीएचडी त्यावर अडकली होती. प्रतिध्वनी मिळाला नाही तर प्रबंधही नाही, असे त्याच्या मार्गदर्शकाने बजावले होते. सोव्हिएत चमूनेही त्याच वसंतात यश मिळवले, आणि घाईने फेरीचा आकडाही देऊन टाकला : सुमारे ११ दिवस. परंपरा मोडली नाही.

गोल्डस्टीन आणि त्याचा सहकारी रोलंड कार्पेंटर यांनी पुढच्या संधीची वाट पाहिली. नोव्हेंबर १९६२ मध्ये शुक्र पुन्हा जवळ आला. फिरत्या ग्रहाची एक कड आपल्याकडे येत असते, दुसरी दूर जात असते. म्हणून एकाच कंप्रतेची लहर पाठवली तरी परत येताना ती थोडी पसरून येते. फिरकी जितकी जलद तितका पसारा रुंद. शुक्राचा पसारा फारच अरुंद होता. इतका संथ ग्रह असेल तर फेरी शेकडो दिवसांची हवी. हे एकवेळ चालले असते, स्क्यापारेल्लीचे २२५ दिवस तयारच होते. पण शुक्र पृथ्वीजवळून पुढे निघून जातो तेव्हा आपल्या बघण्याचा कोनही बदलतो, आणि त्या बदलाने पसारा किती वाढेल किंवा घटेल हे फिरकीच्या दिशेवर अवलंबून असते. शुक्र बाकीच्या ग्रहांसारखा फिरत असता तर सर्वांत जवळच्या दिवसांत पसारा रुंदावला असता. तो अरुंद झाला. याचा अर्थ एकच निघत होता : शुक्र उलटा फिरतो. फेरी सुमारे २५० दिवसांची, उलट दिशेने.

आजचा आकडा २४३.०२ दिवस आहे. शुक्राचे वर्ष २२४.७ दिवसांचे, म्हणजे त्याची स्वतःभोवतीची एक फेरी वर्षाहून लांब. सूर्योदय ते सूर्योदय ११७ दिवस, आणि सूर्य उगवतो पश्चिमेला. विषुववृत्तावर जमिनीचा वेग ताशी साडेसहा किलोमीटर भरतो. झपझप चालणारा माणूस तिथली रात्र बरीच लांबवू शकेल, अर्थात साडेचारशे अंशांहून अधिक तापमान त्याला मानवले तर.

बुधाचा निकाल लगेचच लागला. एप्रिल १९६५ मध्ये पोर्टो रिकोतल्या आरेसिबोच्या ३०५ मीटर व्यासाच्या तबकडीने गॉर्डन पेटेनगिल आणि रॉल्फ डाइस यांनी बुधाची फेरी ५९ दिवसांच्या आसपास असल्याचे दाखवले. पादुआच्या ज्युझेप्पे कोलंबोने आकडा पाहताच ओळखले की हे ८८ चे दोन-तृतीयांश आहेत : दोन वर्षांत बरोबर तीन फेऱ्या. स्क्यापारेल्लीसकट सगळे इतकी वर्षे फसले कसे? बुध नीट दिसण्याच्या चांगल्या संधी साधारण ३५० दिवसांनी येतात, आणि तेवढ्यात बुधाच्या सहा फेऱ्या होतात. दर वेळी तीच बाजू समोर. जाक कासिनीचा युक्तिवाद दोन शतके उशिरा, भलत्याच ग्रहावर खरा ठरला.

उलटा फिरणारा शुक्र, आडवा युरेनस. यांचे कारण काय? पहिले उत्तर आले टकरीचे. सोव्हिएत शास्त्रज्ञ व्हिक्टर साफ्रोनोव्ह याने १९६० च्या दशकात दाखवले की ग्रह लहानमोठ्या पिंडांच्या आदळण्यातून वाढतात, आणि शेवटच्या काही मोठ्या टकरी फिरकी व कल ठरवून टाकतात. युरेनसला पृथ्वीएवढ्या किंवा त्याहून मोठ्या पिंडाची धडक बसली असावी, हे मत आजही सर्वांत बळकट आहे. आपला चंद्रही अशाच धडकेतून निघाला, ही कल्पना १९७५ पासून रुजली.

शुक्रासाठी मात्र धडकेची गरजच नसेल, असे हळूहळू दिसू लागले. १९६९ मध्ये थॉमस गोल्ड आणि स्टीव्हन सोटर यांनी हवेकडे बोट दाखवले. शुक्राचे वातावरण आपल्याहून ९२ पट दाब देते. सूर्य घन ग्रहावर भरती आणतो आणि फिरकीला आवर घालतो. पण सूर्याची उष्णता त्या अवजड हवेतही लाट उठवते. ती लाट सूर्याच्या रेषेपासून थोडी हटलेली असते आणि तिच्यावरची सूर्याची ओढ ग्रहाला उलट दिशेने रेटते. एक ब्रेक, एक धक्का. दोन्ही जिथे जुळतात तिथे फिरकी स्थिरावते. २००१ मध्ये अलेशांद्रे कोर्रेया आणि जाक लास्कार यांनी याचे सविस्तर गणित मांडले. त्यात असे निघाले की सुरुवात कशीही असली तरी शुक्र जवळपास याच अवस्थेला येऊ शकतो, तोही दोन वाटांनी : आस हळूहळू कलत पुरता उलटा झाला, किंवा आस होता तिथेच राहिला आणि फिरकी मंदावत शून्यावर येऊन उलटी सुरू झाली. कुठल्या वाटेने आला, याची खूण शेवटच्या अवस्थेत उरत नाही.

त्याआधी, १९९३ मध्ये, लास्कारनेच दाखवले होते की ग्रहांचे एकमेकांवरचे खेचणे कलाला स्वस्थ बसू देत नाही. मंगळाचा कल आज २५ अंश, म्हणजे पृथ्वीसारखाच. पण तो नुसता योगायोग आहे, कारण कोट्यवधी वर्षांत तो ० ते ६० अंशांपर्यंत भरकटू शकतो. पृथ्वीचा कल ४१,००० वर्षांच्या चक्रात साधारण २२ ते २४.५ अंशांच्या पट्ट्यात राहतो, तो चंद्रामुळे. चंद्र नसता तर तो ८५ अंशांपर्यंत गेला असता, असे त्याचे गणित सांगते. मला या सगळ्यात आवडते ते हे की लाप्लासला हवा होता तसा एक नियम मिळालाच नाही. मिळाली ती प्रत्येक ग्रहाची वेगळी कुंडली, आणि तीही जन्मवेळेची नव्हे, पुढच्या साडेचार अब्ज वर्षांच्या दशांची.

आणि शुक्राचा आकडा अजूनही पुरता ठरलेला नाही. मॅगेलन यानाने १९९० च्या सुरुवातीच्या वर्षांत रडारने त्याचा नकाशा केला. पुढे युरोपच्या व्हीनस एक्स्प्रेस यानाने तीच ठिकाणे शोधली तेव्हा काही वीस किलोमीटरपर्यंत सरकलेली निघाली. २०१२ मध्ये जाहीर झाले की फेरी साडेसहा मिनिटांनी लांबलेली दिसते. ज्यां-लुक मार्गो आणि सहकाऱ्यांनी २००६ ते २०२० या काळात पुन्हा गोल्डस्टोनवरूनच लहरी सोडून मोजमाप केले. त्यांनी २०२१ मध्ये सांगितले की चूक कुणाचीच नव्हती : एकेका वेळी मोजलेली फेरी वीस मिनिटांच्या फरकाने कमीजास्त भरते. वेगाने धावणारी ती जड हवा जमिनीशी वेग देते-घेते, तसा ग्रह कधी जरा लवकर वळतो, कधी उशिरा. भारत सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेले शुक्रयान आणि अमेरिका-युरोपची नियोजित याने तिथे पोहोचतील, तेव्हा त्यांच्या रडारच्या नकाशात कुठला डोंगर कुठे मांडायचा, हे त्या त्या महिन्याची फिरकी मोजूनच ठरवावे लागेल.